शिळं पेट्रोल

इरावती मोघेचं नाक लहानपणापासून फार तिखट. दूध नासायला लागलं की घरात सगळ्यांच्या आधी तिला कळायचं. सीताकाकू खीर करायला घेण्याआधी पातेलं तिच्या नाकासमोर धरायची आणि तिनं मान हलवली की मगच चुलीवर ठेवायची. पण घर होतं गंगेकाठी, बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत. खाली उघडी मोरी, मोरीत गाईंनी तुडवलेला झेंडू, कोपऱ्यावर पानाच्या पिंका. असल्या ठिकाणी असलं नाक घेऊन जन्माला येणं म्हणजे जन्मभराची शिक्षा. शाळेत जाताना ती ओढणीचं टोक नाकाशी धरून चालायची, म्हणून वर्गातल्या मुली तिला 'नकचढी' म्हणत.

आईवडील ती लहान असतानाच गेले. वेणीमाधवकाका आणि सीताकाकूंनी तिला वाढवलं. काका पंचगंगा घाटावर पौरोहित्य करत. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची श्राद्धं, पूजा, कधी कुणाकडे वास्तुशांत. इरावतीनं वनस्पतिशास्त्र घेऊन पदवी केली, लग्न केलं नाही, बरीच वर्षं एका सरकारी बागेत कंत्राटावर काढली आणि पन्नाशी जवळ आली तेव्हा पुलापलीकडे रामनगरला एका यात्रीनिवासात बागेची प्रमुख म्हणून लागली.

यात्रीनिवास मराठी माणसांच्या एका न्यासानं बांधलेला. पुढे खोल्या, मागे मोठं मैदान, मैदानात हिरवळ आणि कडेनं मेंदीचं कुंपण. थंडीत ते मैदान लग्नांना देत, त्यामुळे गवत नीट कापलेलं लागे. त्यासाठी दोन मशिनी होत्या. एक चाकांवर ढकलायची मोठी, आणि एक खांद्याला अडकवून कुंपणाकडेचं रान कापायची, जिला लालमन माळी 'घासवाली मशीन' म्हणायचा.

पहिल्या दिवशी लालमननं तिला सामानाची खोली उघडून दाखवली आणि इरावती दारातूनच मागे सरली. आत कोल्ड्रिंकच्या बाटल्यांमध्ये पेट्रोल भरलेलं होतं. काही बाटल्यांना बूच होतं, काहींच्या तोंडात चिंध्या कोंबल्या होत्या. एका बाटलीत पेट्रोल होतं की लालमनची गुटख्याची पिंक, ते रंगावरून सांगता येत नव्हतं. जमिनीवर तेलाचा थर, त्यात पालीचं वाळलेलं शेपूट चिकटलेलं.

"मशीन स्टार्ट नहीं होती दीदी," लालमन म्हणाला. "बहुत खींचना पड़ता है."

रामनगरच्या चौकातल्या मिस्त्रीनं कार्बोरेटर उघडला तेव्हा ती समोर उभी होती. आत डिंकासारखा पिवळट चिकटा साचलेला. मिस्त्रीनं तो नखानं खरवडला आणि नख पँटीला पुसलं. त्या चिकट्याचा वास जुन्या रोगणासारखा, आंबट, घशाला कडू लागणारा. पेट्रोलही शिळं होतं हे इरावतीला त्या दिवशी समजलं. ठेवून ठेवून उडून जायचं ते उडून जातं आणि मागे हा गाळ उरतो. मशीन तो पिते आणि तिचा घसा बसतो. वर आताच्या पेट्रोलमध्ये मद्यार्क मिसळलेला असतो, तो हवेतली ओल ओढून घेतो. झाकण सैल राहिलं आणि पावसाळा असला की पाणी तळाशी बसतं.

लालमननं आणखी एक गंमत केली होती. खांद्यावरच्या मशिनीला पेट्रोलमध्ये तेल मिसळून लागतं, मोठ्या मशिनीला पेट्रोल नुसतं लागतं आणि तेल तिच्या पोटात वेगळं घालतात. तो दोन्हीकडे एकच मिश्रण ओतायचा. त्यातलं तेलसुद्धा विकतचं नव्हतं, मोटरसायकलच्या गॅरेजातून फुकट आणलेलं, काळं, जळकं. मोठी मशीन चालली की निळा धूर व्हायचा आणि यात्रेकरू खिडक्या लावून घ्यायचे.

इरावतीनं ती खोली सोडा घालून धुवून घेतली. पंपावरून, गिऱ्हाइकांची गर्दी असलेल्या पंपावरून, थोडंच पेट्रोल आणायचं. पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात. दोन मशिनींचे दोन डबे, एकाला पिवळा पट्टा, एकाला हिरवा. महिन्यात संपेल एवढंच, आणि मशीन महिनाभर बंद राहणार असेल तर टाकी रिकामी करून मगच ठेवायची. लालमन आधी कुरकुरला, पण मशीन दुसऱ्या झटक्यात सुरू व्हायला लागल्यावर गप्प झाला. आपल्या खांद्याचं दुखणं गेलं असं तो स्वतःहून म्हणाला. तेवढी दोन-तीन वर्षं इरावतीची बरी गेली.

मग जुने व्यवस्थापक घरी बसले आणि त्यांच्या जागी सुशांत आला.

सुशांत नागपूरचा, हॉटेलचं शिक्षण घेतलेला, चाळिशीतला, बोलायला गोड. पांढरा शर्ट, पांढरी पँट, आणि अंगाला इतका सेंट की तो जिन्यावर असला तरी इरावतीला मैदानात समजायचं. यात्रीनिवासाला त्यानं झळाळी आणली हे खरं. खोल्या रंगवल्या, मोबाईलवरून बुकिंगं आणली. निघताना प्रत्येक यात्रेकरूला गंगाजलाचा एक पांढरा कॅन भेट द्यायचा ही कल्पनाही त्याचीच. घाटावर विकतात तसले प्लास्टिकचे कॅन त्यानं ढिगानं आणून ठेवले.

मशिनींचे पत्र्याचे डबे गंजले तेव्हा इरावती नवे मागायला गेली.

"मॅडम, एवढ्याशा कामाला कशाला डबे?" सुशांत म्हणाला. "कॅन पडून आहेत ना आपल्याकडे."

"त्यात पेट्रोल ठेवत नाहीत. पंपवाले भरूनही देत नाहीत."

"पंपावर जायचंच कशाला? तो रस्त्यावर टपरीवाला बसून राहिला ना. तो घरपोच देते."

तो टपरीवाला इरावतीला माहीत होता. रस्त्याकडेला फळीवर पेट्रोलच्या बाटल्या मांडून बसायचा. त्याच्या मालाला रॉकेलचा वास यायचा, हे तिनं सुशांतला सांगितलं. सुशांत हसला. "तुमच्या नाकाला सगळ्याचाच वास येते मॅडम."

पावसाळ्याच्या तोंडावर त्यानं सगळ्या हंगामाचं पेट्रोल एकदमच घेऊन टाकलं. तेही गंगाजलाच्या त्याच पांढऱ्या कॅनमध्ये, आणि ठेवलं कुठं, तर गंगाजलाच्याच खोलीत, कारण त्या खोलीला कुलूप होतं. इरावती त्या दिवशी घरी येऊन जेवली नाही. काकूनं विचारलं तर म्हणाली, "तोंडात चव नाही." एका फळीवर लोकांच्या देवघरात जायचं पाणी आणि खालच्या फळीवर तसल्याच कॅनमध्ये ते.

दुसऱ्या दिवशी तिनं पेट्रोलच्या प्रत्येक कॅनच्या मानेला लाल फडक्याची गाठ मारली. लालमनला बजावलं, लाल फडकं असेल तेच मशिनीत, बाकीच्याला हात लावायचा नाही. पावसाळाभर ते कॅन घामेजले, फुगले, त्यांची झाकणं सैल झाली. खोलीत पाय टाकला की डोकं भणभणायचं. इरावतीनं दोनदा सांगितलं की हे मागच्या शेडमध्ये हलवा. सुशांत म्हणाला, शेड गळते, आणि तिथून चोरीला जाईल. तिनं स्वतःच्या मशिनींसाठी पंपावरून वेगळं पेट्रोल आणायला सुरुवात केली आणि टपरीवाल्याचं तसंच पडू दिलं. त्या खोलीत जायचंही तिनं सोडून दिलं. आतली घाण नजरेआड गेली की जरा बरं वाटायचं.

आश्विनात यात्रीनिवासाच्या नव्या सभागृहाची वास्तुशांत ठरली. न्यासाची माणसं येणार, पाहुणे येणार. पूजेला वेणीमाधवकाकांनाच बोलावलं होतं. काका आता सत्तरीच्या पुढे गेलेले, पण आवाज अजून खणखणीत. फक्त त्यांचं नाक गेलं होतं. करोनात ताप आला, ताप उतरला, वास मात्र परत आला नाही. उदबत्ती लावली आहे की विझली, हे ते धुराकडे बघून ठरवत.

आदल्या दिवशी सुशांतनं सगळ्या खोल्या पाहुण्यांना दाखवण्यासारख्या करवून घेतल्या. गंगाजलाच्या खोलीत त्याला ती लाल फडकी दिसली. पाहुण्यांनी तीर्थाच्या कॅनला बांधलेल्या मळक्या चिंध्या बघितल्या तर काय म्हणतील, म्हणून त्यानं त्या सोडून टाकायला लावल्या आणि सगळे कॅन एका रांगेत मांडून ठेवले. इरावतीला कुणी काही सांगितलं नाही.

पूजा मैदानात मांडवाखाली मांडली होती. सकाळीच लालमननं हिरवळ कापलेली, त्यामुळे हवेत कापलेल्या गवताचा आणि मशिनीचा वास होताच. वर धूप, झेंडू, आणि सुशांतचा सेंट. काकांनी पाणी मागितलं. सुशांत एका हातानं फोन कानाशी धरून गेला, दुसऱ्या हातात कॅन घेऊन आला, आणि बोलता बोलता त्यानं काकांच्या तांब्याच्या भांड्यात ओतलं. तांब्यात रंग दिसला नाही. इरावती तेव्हा मैदानाच्या दुसऱ्या टोकाला कुंड्या लावून घेत होती.

वाऱ्यावर तिला तो वास आला. मशिनीतल्या पेट्रोलचा असतो तसा नव्हता. आंबट, रोगणासारखा, आणि त्यात रॉकेल. तिनं कुंडी खाली ठेवली आणि मांडवाकडे धावली. पोचायच्या आत काकांचं "केशवाय नमः" तिनं ऐकलं, आणि त्याच्यामागून जो आवाज आला तो तिनं माणसाच्या गळ्यातून कधी ऐकला नव्हता.

काका एका बाजूला कलले होते. डोळे पांढरे, हात गळ्याशी, भांडं मांडीवर उलटलेलं, उपरणं भिजलेलं. पावलाभरावर समई जळत होती. बाकीचे "पाणी द्या, पाणी द्या" करत होते. इरावतीनं होमासाठी आणलेली वाळू दोन्ही ओंजळींनी उचलून समईवर टाकली, मग काकांना काखेत धरून मांडवाबाहेर ओढलं आणि भिजलेलं उपरणं काढून लांब फेकलं.

"मीठपाणी पाजा," कुणीतरी म्हणालं. "ओकून जाऊ दे." एक बाई पेला घेऊन आलीसुद्धा.

इरावतीनं काकांना बसतं धरून एका हातानं इस्पितळात फोन लावला. पलीकडच्या डॉक्टरनं काय प्यायले ते विचारलं आणि पहिलंच वाक्य बोलला, उलटी अजिबात करवू नका, तोंडानं काही देऊ नका, बसवूनच घेऊन या. तिनं पेला बाजूला सारला. बाईंना राग आला, पण त्या मागे झाल्या.

सुशांतच्याच गाडीतून निघाले. तो गाडी चालवत होता आणि घाम पुसत होता. काका खोकत होते, आणि प्रत्येक खोकल्याबरोबर गाडीत तो वास पसरत होता. इरावती खिडकी उघडून त्यांची पाठ चोळत राहिली. काकांसमोर तिला तोंड फिरवायचं नव्हतं.

इस्पितळात डॉक्टरनं विचारलं, काय झालं. इरावती काकांना बाकावर टेकवत होती. तेवढ्यात सुशांत पुढे झाला आणि म्हणाला, "उपवास था सर, पंडितजी को चक्कर आ गया. ठसका लगा थोड़ा."

इरावतीनं मान वळवून त्याच्याकडे बघितलं. माणूस समोर निळा पडतोय आणि हा डॉक्टरशी खोटं बोलतोय. एखाद्याच्या ताटात अळी निघावी तसं तिला झालं.

"पेट्रोल प्यायलेत," ती मोठ्यानं म्हणाली, मराठीतच, मग भान येऊन हिंदीत. "पुराना पेट्रोल, मिट्टी का तेल मिला हुआ. एक घूँट. खाँसी के साथ ऊपर भी गया है. फोन मैंने ही किया था."

डॉक्टरनं सुशांतकडे एकदा पाहिलं आणि मग त्याच्याकडे पाहणंच सोडलं. छातीचा फोटो काढला, नळी लावली, दाखल करून घेतलं. पोटात गेलेल्यापेक्षा ठसक्यानं फुप्फुसात गेलेलं जास्त वाईट, असं त्यानं तिला समजावलं. पुढचे काही दिवस काकांना ताप राहिला. श्वास घेताना छातीत कागद चुरगळल्यासारखा आवाज यायचा. मग हळूहळू उतरलं. काका वाचले. घरी आले तेव्हा अर्धे झाले होते.

घरी आल्यावरही काकांच्या ढेकरेला तो वास येतच होता. काकांना तो येत नव्हता, पण घरभर यायचा. सीताकाकू पोळी करता करता पदर नाकाला लावायची आणि काकांनी बघितलं की सोडायची. एकदा ती मोरीपाशी जाऊन खरंच ओकली. परत येऊन म्हणाली, "कांदा सडला होता." घरात कांदा नव्हता.

दरम्यान सुशांतनं यात्रीनिवासात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की गुरुजींना भोवळ आली, आणि वास आला तो गवताच्या मशिनीचा. पूजा दुसऱ्या भटजींकडून उरकली. न्यासानं काकांसाठी शाल आणि नारळ पाठवला, सोबत लवकर बरे व्हा असा निरोप.

"परत पाठव," इरावती काकूला म्हणाली.

काकांनी खाटेवरून हात हलवला. "राहू दे, इरे. आणि हे बाहेर कुठे बोलू नकोस."

"काका, त्यानं डॉक्टरला खोटं सांगितलं."

"मला ठाऊक आहे. मी ऐकत होतो." त्यांना मध्येच खोकला आला, थांबून थांबून बोलत राहिले. "पण घाटावर कळलं तर काय होईल? पेट्रोलचं आचमन करणारा भट म्हणून हसतील. यजमान कशाला येईल मग माझ्याकडे? या वयात मला लोकांचं हसू नको."

काकांचा इरावतीला राग आला नाही, पण ज्या दिवसांत प्यायलेल्या माणसाला लाज वाटते आणि पाजणारा शाल पाठवतो, त्या दिवसांचा तिला उबग आला. ती उठून बाहेर गेली आणि पंचगंगेच्या पायऱ्यांवर बसून राहिली. खाली कुणीतरी गंगाजलाचे पांढरे कॅन भरत होतं. तिला तिकडे बघवेना.

काकांना बसता यायला लागल्यावर ती कामावर गेली. यात्रीनिवासाच्या मागच्या नाल्याजवळूनच तिला वास आला. नाल्याच्या पाण्यावर तेलाचा रंगीत तवंग पसरलेला, आणि तो सरकत सरकत नदीकडे चाललेला. तिनं लालमनला हाक मारली.

"साहब बोले एक ठो कैन फेंक दो," लालमन खाली बघत म्हणाला. "जिसमें से पंडितजी को दिया था. बाकी मशीन में चल जाएगा, बोले."

"बाकी कहाँ है?"

लालमननं किल्ली दिली. इरावतीनं खोली उघडली. सगळे कॅन होते तिथंच होते. वरच्या फळीवर गंगाजल, खालच्या फळीवर पेट्रोल, सगळे एकसारखे पांढरे, एका रांगेत. लाल फडकं एकालाही नव्हतं. आत येऊन कुणी एक उचलला असता तर काय हाती येईल ते देवालाच माहीत. इरावतीनं दार लावून घेतलं. एवढं होऊनही यांना साधी चिंधी बांधावीशी वाटली नव्हती.

संध्याकाळी ती विश्वेशरावांकडे गेली. विश्वेशराव न्यासाचे इथले विश्वस्त, निवृत्त वकील, ब्रह्माघाटाजवळ राहायचे. वास्तुशांतीच्या दिवशी ते परगावी होते. दिवाणखाना स्वच्छ, उदबत्तीचा मंद वास. त्यांनी चहा सांगितला आणि काकांची चौकशी केली.

"भोवळ फार वाईट," ते म्हणाले. "या वयात उपास झेपत नाहीत."

इरावतीनं पिशवीतून स्टीलचा डबा काढला, मेजावर ठेवला आणि झाकण उघडलं. आत काकांचं त्या दिवशीचं उपरणं होतं, लालमननं तेव्हाच उचलून डब्यात बंद करून ठेवलेलं, न धुतलेलं.

विश्वेशरावांनी रुमाल नाकाशी नेला. "हे काय आणलंस?"

"हे काकांच्या पोटात गेलं. छातीत गेलं. उपास नव्हता, भोवळ नव्हती. सुशांतनं गंगाजल म्हणून हे ओतलं आणि डॉक्टरला खोटं सांगितलं."

"बंद कर आधी ते."

"करते. तुम्ही उद्या रामनगरला येणार असाल तर करते."

त्यांनी तिच्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं. चहा घेऊन आलेली बाई दारातच थबकली होती. "येतो," ते म्हणाले. "बंद कर."

तिनं झाकण लावलं. "काकांचं नाव बाहेर जायला नको," ती म्हणाली. "एवढंच त्यांचं मागणं आहे."

दुसऱ्या दिवशी विश्वेशराव आले. सुशांत पुढे धावला, हार घेऊन. त्यांनी हार घेतला नाही, गंगाजलाची खोली उघडायला सांगितली.

"सर, पेट्रोल वेगळं ठेवलंय आम्ही," सुशांत म्हणाला. "खालच्या फळीवर."

"खालच्या फळीवरचे सगळे पेट्रोलचे?"

सुशांत घुटमळला. दोन दिवसांपूर्वी यात्रेकरूंचा गट गेला होता तेव्हा कामाच्या पोरांनी कॅन वरखाली केले होते. "बहुतेक," तो म्हणाला.

"बहुतेक नको. मला एकेक दाखवा."

झाकणावर काही लिहिलेलं नव्हतं, बाहेरून काही दिसत नव्हतं. सुशांतला एकेक कॅन उघडून नाकाशी न्यावा लागला. पहिल्या दोनमध्ये पाणी निघालं. तिसऱ्याचं झाकण त्यानं काढलं आणि आतली कोंडलेली वाफ सरळ त्याच्या तोंडावर आली. तो मागे हटला, डोळ्यांत पाणी आलं, पांढऱ्या शर्टावर थेंब उडाले. विश्वेशराव रुमाल धरून उभे होते. "पुढचा," ते म्हणाले. वरच्या फळीवर, यात्रेकरूंना द्यायच्या कॅनमध्ये, पेट्रोलचा एक निघाला. त्यावर न्यासाची चिठ्ठीसुद्धा चिकटवलेली होती.

लालमननं हात जोडले, कुणाला ते कळलं नाही. सुशांत बाहेर जाऊन भिंतीला धरून ओकला. इरावतीला वाटलं होतं की हे बघून आपल्याला बरं वाटेल. बरं वाटलं नाही. सेंट आणि ओकारी मिळून जो वास झाला, तो आणखीच वाईट होता.

विश्वेशरावांनी त्याच दिवशी सांगितलं, इंधनाची किल्ली आणि जबाबदारी इरावतीची. मैदानाच्या टोकाला, स्वयंपाकघरापासून लांब, जाळीच्या खिडकीची विटांची लहानशी खोली बांधून मिळाली. पत्र्याचे डबे आले. पेट्रोल पंपावरचंच, थोडं थोडं. टपरीवाल्याचा माल चौकातल्या मिस्त्रीनं सुटे भाग धुवायला नेला, आणि त्याला देताना इरावतीनं अट घातली की रिकामा झाला की प्रत्येक कॅनला भोक पाडायचं, म्हणजे तो घाटावर परत विकला जाणार नाही. गंगाजल देणं काही दिवस बंद राहिलं.

सुशांतला मात्र काढलं नाही. लग्नांची बुकिंगं त्याच्या हातात होती, त्याच्यासारखा माणूस लगेच मिळत नाही, असं विश्वेशरावांनीच तिला सांगितलं, तिच्याकडे न बघता. काकांची माफी मागायला मात्र त्याला पाठवलं. तो मिठाईचा डबा घेऊन गल्लीत आला, काकांच्या पाया पडला. काका म्हणाले, "झालं गेलं." सीताकाकूनं त्याला चहा दिला. तो गेल्यावर मिठाई मेजावर तशीच राहिली, आणि दुसऱ्या दिवशी काकूनं ती गाईला घातली.

काका परत घाटावर जाऊ लागले. लांबलचक मंत्र ते आता एका दमात म्हणत नाहीत, मध्ये थांबतात. यजमानांना वाटतं, वय झालं.

कार्तिक संपता संपता लग्नं सुरू झाली. एका सकाळी इरावती आणि लालमन हिरवळीवर होते. लालमननं मोठ्या मशिनीची दोरी ओढली, ती लगेच सुरू झाली आणि तो ती ढकलत मैदानाच्या लांबच्या टोकाला गेला. मांडवाच्या बाजूनं सुशांत एका कुटुंबाला जागा दाखवत आला. मुलीचे वडील मागच्या विटांच्या खोलीकडे बोट करून काही विचारत होते.

"ती आमची फ्यूएल रूम," सुशांत सांगत होता. "इंधन आम्ही कधीच मेन बिल्डिंगमध्ये ठेवत नाही. सेफ्टीच्या बाबतीत मी फार कडक आहे साहेब. पहिल्या दिवसापासून."

वडिलांनी कौतुकानं मान हलवली. सुशांतनं हसत इरावतीकडे हात केला. "आणि ह्या आमच्या मॅडम, बाग बघतात."

इरावती बोलली असती तर काकांचं नाव निघालं असतं. तिनं त्या माणसांना नमस्कार केला, तोंडावरचा रुमाल वर ओढला आणि कुंपणाशी ठेवलेली खांद्यावरची मशीन स्वतःच घेतली. कुंपणाकडचं रान बरंच वाढलं होतं. तिनं मशीन सुरू केली, आणि मागे सुशांत काय सांगत होता ते ऐकू येईनासं झालं.